सेन्सेई, पण एका वर्षापुरत्या

सकाळचे आठ वाजलेले असतात. जपानमधल्या एखाद्या लहानशा शहरातली प्राथमिक शाळा. दारातच बाहेरचे बूट काढून शाळेतले बूट घालायचे, शिक्षकांच्या खोलीत शिरताना सर्वांना ऐकू जाईल असे 'ओहायो गोझाइमास' म्हणायचे आणि आपल्या टेबलाशी जाऊन बसायचे. पण तिचे स्वतःचे असे टेबल असेलच याची खात्री नसते. कारण ती या शाळेत आठवड्यातून दोनच दिवस येते. उरलेले दिवस दुसऱ्या शाळांत.

तिचे नाव सांगण्याची गरज नाही. ती मनिलाची असेल, लंडनची असेल, नाहीतर टेक्सासची. जपानच्या सरकारी शाळांत इंग्रजी शिकवायला जपानी शिक्षकाच्या मदतीला उभे राहणाऱ्या हजारो परदेशी सहाय्यक भाषाशिक्षकांपैकी ती एक. मुले तिला 'सेन्सेई' म्हणतात, म्हणजे गुरुजी किंवा बाई. जेवणाच्या सुट्टीत ती मुलांबरोबर वर्गातच भात, सूप आणि दूध घेते, नंतर त्यांच्याबरोबर वर्ग झाडते. मैदानात पकडापकडी खेळते. मुलांच्या लेखी ती शाळेचीच. कागदावर मात्र ती बहुधा शाळेची नसते.

ही प्रथा सरकारी पातळीवर मोठ्या प्रमाणात सुरू झाली ती १९८७ मध्ये, 'जेट' या योजनेने. पहिल्या वर्षी अमेरिका, ब्रिटन, ऑस्ट्रेलिया आणि न्यूझीलंड या चार देशांतून ८४८ तरुण-तरुणी आल्या. २००२ पर्यंत हा आकडा सहा हजारांवर गेला. या योजनेतून येणाऱ्यांचे बरे चालते. विमानाचे भाडे मिळते, पगार ठरलेला असतो, विमा असतो. २०१२ मध्ये नव्याने येणाऱ्यांचा पगार कमी करून वर्षाला ३३ लाख ६० हजार येन केला होता. २०२५ पासून तो चाळीस लाखांच्या आसपास नेला आहे. करार मात्र एकेका वर्षाचाच आणि जास्तीत जास्त पाच वेळा. पाच वर्षे झाली, भाषा आली, मुलांची नावे पाठ झाली, की निघायचे.

पण आज जपानमधल्या एकूण सहाय्यकांपैकी निम्म्याहून कमी 'जेट'वर आहेत. बाकीच्यांपैकी काहींना नगरपालिकेचे शिक्षण मंडळ थेट नेमते आणि फार मोठा भाग खासगी कंपन्यांकडून येतो. शिक्षण मंडळ निविदा मागवते, जी कंपनी कमी दर भरेल तिला काम मिळते. खडी, सिमेंट किंवा शाळेचे बाक घ्यायचे तसेच. दर उतरला की तो कुणाच्या खिशातून उतरतो, हे सांगायला नकोच.

या कंत्राटी पद्धतीतून निघालेला एक प्रकार तर हसावे की रडावे असा आहे. कायद्याने कंत्राटी सेवा आणि कामगार पुरवठा या दोन वेगळ्या गोष्टी. सेवेचे कंत्राट असेल तर कंपनीच्या माणसाला कामाची सूचना फक्त कंपनीने द्यायची, गिऱ्हाइकाने नाही. आता गिऱ्हाईक कोण, तर शाळा. म्हणजे एकाच वर्गात, एकाच फळ्यासमोर दोन शिक्षक उभे. मुले चाळीसच्या आतबाहेर. आणि जपानी बाईंनी परदेशी बाईंना "हे वाक्य जरा सावकाश वाचा" एवढे सांगितले तरी तो नियमभंग! सूचना द्यायची तर कंपनीकडे द्यायची, कंपनी ती सहाय्यकाला कळवणार. शिकवणे असे दूरध्वनीवरून होते का? साहजिकच बहुतेक शाळांत दोघी गुपचूप एकमेकींशी बोलून तास निभावून नेत. शेवटी २००९-१० च्या सुमारास खुद्द शिक्षण मंत्रालयाला आणि कामगार खात्याला यात लक्ष घालावे लागले. पुष्कळ मंडळांनी मग कामगार पुरवठ्याचा करार केला, म्हणजे शाळेला निदान तोंड उघडून बोलण्याची मुभा मिळाली.

दुसरा प्रकार तासांच्या हिशेबाचा. पूर्ण वेळ म्हणजे आठवड्याला चाळीस तास. त्याच्या तीन चतुर्थांश, म्हणजे तीस तास काम करणाऱ्याला कंपनीने आरोग्य विमा आणि पेन्शनमध्ये सामील करून घ्यायचे आणि निम्मी वर्गणी स्वतः भरायची, असा दंडक. मग करारात आकडा आला साडेएकोणतीस! ती सकाळी आठला शाळेत येई, चारला जाई. पण मधले मोकळे तास 'विश्रांती' म्हणून वजा. त्या विश्रांतीत ती चित्रांची कार्डे कापत बसलेली असे, ही गोष्ट निराळी. तासिका तत्त्वावर राबलेल्या आपल्याकडच्या शिक्षकांना हे गणित समजावून सांगावे लागणार नाही. सरकारने २०१६ पासून ही मर्यादा टप्प्याटप्प्याने खाली आणली. ऑक्टोबर २०२४ पासून ५१ किंवा अधिक कर्मचारी असलेल्या कंपन्यांत आठवड्याला वीस तासांवर काम असले तरी विमा द्यावा लागतो. पण उमेदीची दहा-पंधरा वर्षे ज्यांची त्याआधी गेली, त्यांच्या पेन्शनमधली ती भोके कोण बुजवणार?

कंपनीचा पगार महिन्याला साधारण दोन ते अडीच लाख येन. ऐकायला मोठा वाटतो, पण ऑगस्टमध्ये शाळा बंद, की अनेक करारांत पगारही कापला जातो. घरभाडे काही ऑगस्टमध्ये थांबत नाही. संध्याकाळी एखाद्या खासगी शिकवणीत तास घ्यावेत, तर सरकारी शाळेत शिकवण्याच्या व्हिसावर तेही चालत नाही, इमिग्रेशन खात्याची वेगळी परवानगी काढावी लागते.

शिक्षण मंडळांचे म्हणणे असे, की ही मुले वर्षभर जपान बघायला येतात, त्यांना कायम नोकरी हवीच कुठे असते? यात तथ्य नाही असे नाही. काही जण खरोखर वर्षभराची मौज करून जातात, जपानीचे चार शब्दही न शिकता. पण पंधरा-पंधरा वर्षे याच कामावर असलेले, तिथेच लग्न करून मुलेबाळे झालेले लोकही पुष्कळ आहेत. आणि काम तर हंगामी राहिलेले नाही. २०२० पासून पाचवी-सहावीला इंग्रजी हा रीतसर विषय झाला, वर्षाला सत्तर तासिकांचा. तिसरी-चौथीला पस्तीस तासिका. काम कायमचे, माणूस तेवढा तात्पुरता.

मंडळाने थेट नेमले तरी सुटका नाही. एप्रिल २०२० पासून अशा नेमणुका एका आर्थिक वर्षापुरत्या असतात. खासगी नोकरीत एकाच मालकाकडे पाच वर्षांहून जास्त काम झाले, तर कायम करण्याची मागणी करता येते. सरकारी नोकरीला तो कायदा लागूच नाही. जपानचा शिक्षक परवाना मिळवून परीक्षा दिलेल्या परदेशी नागरिकालाही १९९१ पासून कायम नोकरी मिळू शकते खरी, पण पद 'शिक्षका'चे नसते, 'व्याख्याता' म्हणूनच राहावे लागते. अंबरनाथला वाढलेले योगेंद्र पुराणिक २०२३ मध्ये इबाराकी प्रांतातल्या एका सरकारी शाळेचे मुख्याध्यापक झाले, तेव्हा मराठी घरांत कौतुक झाले आणि ते योग्यच होते. पण त्याआधीच त्यांनी जपानी नागरिकत्व घेतलेले होते.

आणि तरीही ही माणसे मुलांत जीव गुंतवतात. ११ मार्च २०११ च्या भूकंपानंतर इशिनोमाकी गावात टेलर अँडरसन ही 'जेट'ची चोवीस वर्षांची अमेरिकन सहाय्यक मुलांना पालकांच्या हवाली करेपर्यंत शाळेत थांबली होती. मग सायकलवरून घरी निघाली आणि त्सुनामीत सापडली. तिच्या आईवडिलांनी नंतर तिथल्या शाळांना इंग्रजी पुस्तकांची कपाटे दिली.

मार्च हाच महिना या सहाय्यकांच्या जिवाला घोर लावणारा. वर्ष संपत आलेले असते, निविदा उघडत असतात. पुढच्या वर्षी कोणती शाळा, कोणते गाव, मुळात काम आहे की नाही, हे कित्येकदा अखेरच्या आठवड्यापर्यंत कळत नाही. तिसरीतली एखादी मुलगी हात धरून विचारते, "सेन्सेई, एप्रिलमध्ये येणार ना?" यावर ती हसते. दुसरे करणार काय?

मार्च सरता सरता जपानी शिक्षकांच्याही बदल्या होतात. निरोपाचा कार्यक्रम होतो, मुले रडतात, फुले देतात. कोण कुठून कुठे गेले याची यादी स्थानिक वर्तमानपत्रात छापून येते आणि घरोघरी आया ती बोट ठेवून वाचतात. कंपनीकडून आलेल्या सहाय्यकाचे नाव त्या यादीत नसते. एप्रिलमध्ये वर्ग भरला, की मुलांना कळते.