पथ्य कोणाचं?

पिंपरी-चिंचवडमध्ये 'मधुमेह' हा शब्द दवाखान्याच्या पाटीवरच दिसतो. बोलताना सगळे 'शुगर' म्हणतात. 'त्यांना शुगर निघाली', 'माझी बॉर्डरवर आहे', 'गोळी चालू आहे'. निगडीहून चाकणला जाणाऱ्या कंपनीच्या बसमध्ये हे सगळं पगारवाढीच्या गप्पांइतकं सहज बोललं जातं. माझ्या पप्पांना शुगर निघाली ती कंपनीच्या वार्षिक तपासणीत. एचबीए१सी ८.९. साडेसहा किंवा त्याहून जास्त आला की मधुमेह धरतात.

पप्पा म्हणाले, "रिपोर्ट बदलला असेल कुणाशी तरी. माझ्या अंगावर मांस तरी आहे का?"

या प्रश्नाचं उत्तर शोधायला लांब जावं लागलं नाही, ते पुण्यातच होतं. केईएम हॉस्पिटलच्या मधुमेह विभागातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक अनेक वर्षं हाच प्रश्न विचारत आले आहेत. २००४ साली 'लॅन्सेट'मध्ये त्यांचा आणि त्यांचे ब्रिटिश सहकारी जॉन युडकिन यांचा एक फोटो छापून आला. दोघांचा बीएमआय अगदी सारखा, २२.३. पण शरीरातली चरबी युडकिन यांची ९.१ टक्के आणि याज्ञिक यांची २१.२ टक्के. दिसायला सडपातळ, आतून चरबीचा साठा. त्याआधी, १९९३ पासून, पुण्याजवळच्या सहा गावांमध्ये गरोदर बायका आणि त्यांच्या बाळांचा अभ्यास सुरू झाला होता. तिथली बाळं इंग्लंडमधल्या बाळांपेक्षा वजनाने बरीच कमी भरली, पण त्यांच्या कातडीखालची चरबी त्या मानाने फारशी घटलेली नव्हती. कमी पडले होते ते स्नायू. पोटात असताना उपासमार झालेलं शरीर काटकसरीने घडतं आणि पुढे भरल्या ताटापुढे बसलं की गडबडतं, असा त्याचा ढोबळ अर्थ.

पप्पांचा जन्म पारनेर तालुक्यातला, १९७२ च्या दुष्काळातला. आजी त्या वेळी रोजगाराच्या कामावर खडी फोडायला जायची. एका माणसाच्या आजाराचं खापर एका दुष्काळावर फोडता येत नाही, हे मला कळतं. पण हे ऐकल्यावर पप्पांनी रिपोर्ट बदलल्याची भाषा सोडली, आणि 'तुम्ही खाण्यावर ताबा ठेवला नाही' हे नातेवाइकांचं पालुपदही थोडं थंडावलं.

मी सॉफ्टवेअरवाला असल्यामुळे मला एचबीए१सी चटकन आवडला. उपाशीपोटीची साखर म्हणजे एका क्षणाचा आकडा. आदल्या दिवशी जेवण सांभाळून तो सजवता येतो. एचबीए१सी म्हणजे लॉग. तांबड्या पेशी साधारण १२० दिवस जगतात आणि त्या काळात रक्तात किती साखर होती याची नोंद त्यांच्यावर चढत जाते. या लॉगमध्ये काय काय होतं ते आम्ही लिहून काढलं. शिफ्टमधले सहा चहा, प्रत्येकी दोन चमचे साखर, म्हणजे दिवसाला पन्नास-साठ ग्रॅम. कॅन्टीनमध्ये हवा तितका भात आणि डाव्यातून शोधावी लागणारी डाळ. दर आठवड्याला बदलणारी शिफ्ट, त्यामुळे जेवणाची वेळ कधी दुपारी बारा, कधी रात्री नऊ. एकदा दुसऱ्या शिफ्टला जेवणाची सुट्टी लांबली तेव्हा पप्पांना मशीनपाशीच दरदरून घाम फुटला, हात थरथरायला लागले. शेजारच्या ऑपरेटरने खिशातल्या लिमलेटच्या गोळ्या दिल्या म्हणून निभावलं. त्यांची एक गोळी शरीराला इन्सुलिन सोडायला लावते. ती पोटात गेली आणि जेवण लांबलं, तर साखर खाली जाते. 'वेळेवर खा' हा सल्ला ऑफिसात बसणाऱ्याला सोपा आहे. लाइन थांबवता न येणाऱ्या माणसाला त्यासाठी सुपरवायझरशी बोलावं लागतं.

घरी मात्र सगळं लगेच बदललं, कारण ते एकाच माणसावर सोपवलेलं होतं. आईवर. ती पहाटे पप्पांसाठी वेगळी भाजी, वेगळी डाळ करायची आणि बाकीच्यांसाठी नेहमीचं. पप्पांची भाकरी मोजून. उरलेला भात फोडणी देऊन तिच्या ताटात. शिळी पोळी तिला. चतुर्थीला आणि एकादशीला साबुदाणा, म्हणजे जवळपास निव्वळ स्टार्च. जेवायची ती सगळ्यांत शेवटी.

पप्पांच्या पुढच्या तपासणीला मी दोघांचंही रक्त द्यायला लावलं. आई वैतागली. "मला काय झालंय? मी कधी बाहेरचं खाते का?" पप्पांचा आकडा ७.४ वर आला होता. आईचा ६.३. ५.७ ते ६.४ हा पट्टा मधुमेहाच्या उंबरठ्याचा.

कुटुंबाचा आधार हा शब्द आपण फार सैल वापरतो. बहुतेक घरांत त्याचा अर्थ 'बाई सांभाळून घेईल' एवढाच असतो. तिला स्वतःला पथ्य लागलं की ते कोण सांभाळणार, हे कुणी ठरवलेलं नसतं. २०२३ साली आलेल्या आयसीएमआरच्या पाहणीप्रमाणे देशात सुमारे १०.१ कोटी लोकांना मधुमेह आहे आणि उंबरठ्यावरचे त्याहून जास्त, सुमारे १३.६ कोटी. शेजारच्या पाकिस्तानचं प्रमाण तर आंतरराष्ट्रीय मधुमेह महासंघाच्या २०२१ च्या अहवालात जगात सर्वांत वरचं होतं. पोळी, भात आणि गोड चहा तिकडेही आहे, आणि सगळ्यांचं वाढून झाल्यावर जेवणाऱ्या आयाही असणारच. उंबरठ्यावरून परत फिरता येतं, ही यातली चांगली बाजू. भारतातच झालेल्या एका चाचणीत आहार आणि चालणं सुधारल्याने मधुमेह होण्याचा धोका तीन वर्षांत २८ टक्क्यांच्या आसपास कमी झाला होता.

आता आमच्याकडे वेगळं जेवण होत नाही. सगळ्यांना तीच उसळ, तीच पालेभाजी, आधी ती आणि मग भाकरी. भाकरी म्हणजे औषध नव्हे, तीही मोजूनच. 'साखर नको, गूळ घाल' हे बंद झालं, कारण रक्ताला दोन्ही सारखेच. चहा बिनसाखरेचा होतो, ज्याला हवी त्याने वरून घ्यावी. पहिले पंधरा दिवस सगळ्यांनी घेतली. रात्रीचा स्वयंपाक मी आणि बहीण आलटून पालटून करतो, आणि त्या वेळात आई पप्पांबरोबर दुर्गा टेकडीच्या बाजूला चालून येते. पप्पांची दुसरी शिफ्ट असली की एकटीच जाते.

सगळ्यांत अवघड गेलं ते उपासाचं. आईने साबुदाणा सोडला नाही. "देवाचं आहे ते," म्हणाली. वाद न घालता बहिणीने वाटी लहान केली आणि सोबत दही, काकडी, शेंगदाणे वाढले. परवाच्या चतुर्थीला आईने स्वतःहून विचारलं, "काकडी आहे का घरात?"

तिची पुढची तपासणी तीन महिन्यांनी आहे. ती तारीख कॅलेंडरवर पप्पांनी लिहिली आहे.