वर येताना अडणारी पाठ

डाव्या मनगटावर भार आला की कळ कोपरापर्यंत जायला लागली आणि माझे सूर्यनमस्कार सुटले. आयुष्यभर शाळेच्या मैदानावर रांगा लावून तेच शिकवलेलं. त्यात समर्थांचं जांब आमच्याच घनसावंगी तालुक्यातलं. समर्थ टाकळीला रोज बाराशे नमस्कार घालत, ही कथा ऐकतच इथली पोरं मोठी होतात. अशा मुलखात नमस्कार न घालणारी व्यायामाची बाई म्हणून वावरणं मला फार जड गेलं. पुण्याला लेकीकडे राहायला गेले, तेव्हा तिथल्या फिजिओथेरपिस्टनं मला पिलेटिसमधले चटईवरचे प्रकार दिले. त्यांतले सुरुवातीचे सगळे पाठीवर पडून करायचे, तळहातावर भार असा नाहीच.

गावी परतून मी बायकांचा वर्ग धरला, तेव्हापासून एकच गोष्ट माझा पिच्छा सोडत नाही: रोल-अप. उताणं पडायचं, पाय लांब, हात डोक्यामागे सरळ, आणि हिसका न देता, हाताचा टेकू न घेता एकेक मणका उचलत उठून बसायचं. ही पद्धत काढणाऱ्या जोसेफ पिलेटिसच्या 1945 च्या पुस्तकात 34 प्रकार आहेत, त्यांतला हा दुसरा. म्हणजे शिकणारी दाराशी पोचते न पोचते, तोच हा आडवा.

माझ्या वर्गात एक कापूस वेचणारी बाई आहे. दिवसभर कमरेला झोळी, झोळीत कापूस, आणि तो भार ओढत वाकून चालायचं. तिच्या अंगातल्या ताकदीबद्दल मला कोणी काही सांगू नये. भरलेली पाटी ती एका दमात डोक्यावर घेते. पण रोल-अपला हनुवटी छातीकडे येते, खांदे सुटतात, पाठीचा वरचा भाग छान वळतो आणि तिथंच गाडी थांबते. कंबर फळीसारखी सपाट. मानेच्या शिरा ताठतात, श्वास कोंडतो, टाचा जमिनीवरून उचलल्या जातात. मग ती सवयीनं कुशीवर वळते आणि हात टेकून उठते. आपल्याकडे अंथरुणातून उठायची रीतच ती, आणि चांगली रीत आहे. सूर्यनमस्कारातही पाठ जमिनीला कधी लागत नाही. मग उताण्यावरून उठायला ही पाठ शिकणार कुठं?

पोट कच्चं आहे, एवढंच निदान लोक करतात. मला ते अपुरं वाटतं. कंबर गोल होत नाही, म्हणून मांडीच्या मुळाशी असलेले स्नायू धडाला ओढायला धावतात आणि धड जड, पाय हलके, म्हणून पायच वर येतात. यावर पोरं पाय दाबून धरतात. तालुक्याच्या व्यायामशाळांत हेच चालतं, भरतीच्या तयारीतही हेच. पाय दाबले की माणूस उठतो, उठबशांचा आकडा भरतो, पण उठवतात ते मांडीचे स्नायू. कंबर होती तशीच राहते. मला हे बघवत नाही. मोठ्या शहरांतल्या पिलेटिसच्या स्प्रिंगवाल्या यंत्रांबद्दल माझी तक्रार नाही. नवख्या पाठीला स्प्रिंग चांगला आधार देते. पण यंत्राशिवाय पिलेटिस नाही असा जो समज पसरलाय, तो त्या 34 प्रकारांवर अन्याय आहे. त्यांना सतरंजी पुरते.

मी आता उलट्या बाजूनं जाते. आधी बसवते, गुडघे वाकवून, तळपाय जमिनीवर. मांड्या मागून धरायला सांगते आणि श्वास सोडत मागं उतरवते, वळकटी उलगडावी तशी, कमरेपासून. कंबर टेकायच्या आधी धड धपकन पडत असेल, तर कमरेमागे गोधडीची घडी ठेवते. माझी दोन बोटं तिच्या कमरेच्या खळगीत असतात. बोटांवर आधी एक मणका यावा, मग त्याच्या वरचा. कापूस वेचणाऱ्या बाईच्या कमरेचे खालचे मणके एकदमच येतात, सगळे मिळून. त्यांना सुटं करणं हेच काम, बाकी सगळं आपोआप होतं. ज्यांचं हाड ठिसूळ झालंय किंवा मणक्याची गादी सरकलीय, त्यांना मात्र मी हा प्रकार देतच नाही. पाळी गेलेल्या प्रत्येकीला आधी विचारते, साध्या पडण्यानं कधी हाड मोडलंय का.

माझी पाठ या वयातही एकेक मणक्यानं उठते आणि ते बायकांनी बघावं असं मला वाटतं. गरज नसतानाही मी करून दाखवते, आणि जिथून सगळ्यांना कुशीकडून दिसेल तिथं सतरंजी टाकते. नमस्कारांच्या रांगेपुढचा मान गेला, त्याची भरपाई मी इथं करून घेते. पिलेटिसच्या त्या पुस्तकातली छायाचित्रं त्याची स्वतःचीच आहेत, साठीच्या आसपासची. औंधचे पंतप्रतिनिधी संस्थानाचे राजे, तरी उतारवयातही स्वतः नमस्कार घालून दाखवत. दोघांचाही हा हौशीपणा मला आपला वाटतो.

ती बाई उतरते आता छान. वर येताना अजून पाऊण वाटेवर अडते. परवा म्हणाली, "बाई, उतरायलाच येतंय, तर उतरूच द्या की." मी तिला उतरूच देते. नव्या बायकांना तर मी रोल-अप वरच्या दिशेनं सांगतच नाही, आणि पुस्तकात पहिला असलेला हंड्रेडही मागं ठेवते, कारण डोकं अधांतरी धरून हात शंभरदा हलवताना नवखीची मानच आधी धरते. पिलेटिसचा क्रम मानणाऱ्यांना हे पटणार नाही. पण त्याच्यापुढं आलेल्या पाठी न्यूयॉर्कच्या होत्या. माझ्यापुढं वेचणीवरून आलेल्या आहेत, आणि वेचणी अजून संपायची आहे.