माझ्या वाट्याचं गाणं

नवऱ्याच्या आजारपणात माझी प्रार्थना बंद पडली. माझ्या तोंडून ती होईना, तेव्हा दुसऱ्यांनी ती माझ्या नावानं चालू ठेवली. त्या माणसांचं ऋण कुठंतरी नीट मांडून ठेवावं, एवढ्यासाठी हे लिहिते आहे.

आम्ही यवतमाळचे. फ्री मेथडिस्ट मिशनचं काम आमच्या भागात एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस उभं राहिलं. ‘छप्पन्नचा’ म्हणून ओळखल्या जाणाऱ्या १८९९-१९०० च्या दुष्काळात अनाथ झालेली कितीतरी लेकरं मिशनच्या आसऱ्याला आली. माझ्या आजीची आई त्यांतलीच एक. तिला आपलं गाव आठवत नव्हतं, आईबापांची नावं आठवत नव्हती. तिला माहेर म्हणून जे काही मिळालं ते मंडळीतच. त्यामुळे आमच्या घराचा मंडळीशी संबंध रविवारपुरता कधीच नव्हता. सोयरीक जमवायला, बाळंतपण करायला, मयतीला खांदा द्यायला हीच माणसं यायची.

माझं लहानपण गाण्यात गेलं. १९५३ साली युनियन बिब्लिकल सेमिनरी यवतमाळात सुरू झाली आणि १९८३ साली ती पुण्याला गेली. मधल्या तीस वर्षांत या कापसाच्या गावात देशभरची मुलं शिकायला येत होती. केरळची, तामिळनाडूची, पार नागालँड-मिझोरमची. नाताळच्या दिवसांत ती गात निघाली की आम्ही पोरं त्यांच्या मागं मागं. नागा मुलं चार स्वरांत गायची; चार आवाज चार वाटांनी जायचे आणि शेवटी एकाच ठिकाणी येऊन उभे राहायचे. आमच्या मराठी उपासनेत मात्र पेटी, तबला आणि झांजा. हातात ‘उपासना संगीत’, आणि त्यात रेव्हरंड टिळकांची पदं. ती कुणी शिकवावी लागत नसत. आईच्या मांडीवर बसल्या बसल्या पाठ होऊन जात.

या पदांमागं किती सोसणं आहे, हे मला पुढं लक्ष्मीबाई टिळकांचं आत्मचरित्र ‘स्मृतिचित्रे’ वाचल्यावर कळलं. राजनांदगावच्या प्रवासात रेल्वेच्या डब्यात एका परक्या गोऱ्या माणसानं नारायण वामन टिळकांच्या हाती नवा करार दिला आणि डोंगरावरच्या प्रवचनानं त्यांना धरून ठेवलं. १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईत त्यांचा बाप्तिस्मा झाला. त्यासरशी घर तुटलं, नातलग तुटले आणि पत्नी लक्ष्मीबाईंपासून अनेक वर्षांची ताटातूट झाली. ज्याला स्वतःच्या माणसांत परकं व्हावं लागलं, त्यानं आम्हांला आमच्याच मातीतल्या चालीवर देवाला हाक मारायला शिकवलं. १९१९ साली ते गेले तेव्हा त्यांचं ‘ख्रिस्तायन’ हे काव्य अपुरंच राहिलं होतं. ते पुरं केलं लक्ष्मीबाईंनी, ज्यांना एके काळी जोडाक्षरांची धास्ती होती. एकाचं राहिलेलं गाणं दुसऱ्यानं उचलायचं, ही आमच्या मंडळीची रीतच असावी. माझ्या बाबतीत तरी तसंच झालं.

माझे यजमान जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षक होते आणि मंडळीत तबला वाजवायचे. तबलजी म्हणून फार मोठे नव्हते, पण ठेका पक्का. नव्या गाणाऱ्याची चाल घसरली तर डोळ्यांनी खुणावून त्याला पुन्हा समेवर आणायचे. एका पहाटे त्यांना अर्धांगवायूचा झटका आला. उजवी बाजू गेली, वाचा गेली. नागपूरच्या फेऱ्या झाल्या, पैसा गेला, आणि शेवटी घरच्या पुढच्या खोलीत लोखंडी खाट पडली.

सुरुवातीला मी देवळात जाईना, कारण त्यांच्यापाशी बसायला कुणी नव्हतं. पुढं पुढं कुणी बसायला आलं तरी पाय निघेना. रात्री दिवा मालवून हात जोडले की शब्दच येत नसत. राग होता म्हणावं तर तेवढीही ताकद नव्हती. भिंतीशी बोलल्यासारखं वाटायचं. लहानपणापासून जे बोलणं श्वासासारखं चाललं होतं ते थांबलं, आणि थांबल्याचं कुणाला सांगायचीही लाज वाटे.

अशात एका बुधवारी सिस्टरमावशी आल्या. पांढरकवड्याजवळच्या उमरीच्या मिशन दवाखान्यात त्यांनी उभी हयात नर्सचं काम केलं होतं. निवृत्तीनंतर त्या यवतमाळात एका खोलीत एकट्या राहत. ठेंगण्या, काटक, आवाज थोडा घोगरा. त्यांच्यासोबत मंडळीतली चार-पाच माणसं होती. कॉटेज प्रार्थनेला, म्हणजे घरी येऊन करायच्या प्रार्थनेला, आलो म्हणाल्या. मी दारातच उभी.

“काहून वं, देवळात येऊन नाही रायली?”

“माझ्यानं प्रार्थना होत नाही, मावशी.”

मला वाटलं, आता वचनं ऐकवतील, धीर धरायला सांगतील. त्या चपला काढत म्हणाल्या, “नाही होत त नको करू. आम्ही आहो नं करायले. तू दार तेवढं उघडं ठेवत जाजो.”

आत आल्यावर आधी त्यांनी यजमानांची पाठ पाहिली. कंबरेपाशी कातडी लाल झाली होती. पदर खोचून त्यांनी मला शिकवलं : दर दोन तासांनी कूस कशी बदलायची, एकटीनं फिरवताना चादरीचा आधार कसा घ्यायचा, टाचांखाली काय ठेवायचं, चादरीला घडी का राहू द्यायची नाही. हे सगळं झाल्यावर हात धुतले आणि पिशवीतून ‘उपासना संगीत’ काढलं. त्या पुस्तकाची पाठ दवाखान्यातल्या चिकटपट्टीनं जोडलेली होती. पट्टी पिवळी पडून तिच्या कडा काळ्या झाल्या होत्या, आणि कोपरे बोट लावून लावून कापसासारखे मऊ झाले होते. पेटी नव्हती. मावशींनी सूर धरला, बाकीच्यांनी उचलला. मी स्वयंपाकघराच्या उंबऱ्याशी बसून राहिले.

मग दर बुधवार तसाच. कधी आठ माणसं, कधी दोघंच. पावसात यायची, उन्हाळ्याच्या तलखीत यायची. माझ्यावर गाण्याची सक्ती कुणी केली नाही. ‘आज तुम्ही प्रार्थना करा’ असं कुणी म्हटलं नाही. माझ्या वाट्याचं गाणं ते गात होते, माझ्या वाट्याचं ‘आमेन’ ते म्हणत होते, आणि चहा पिऊन जात होते.

अशाच एका बुधवारी दुसरं कडवं चालू असताना टक् टक् आवाज आला. पाहिलं तर यजमानांच्या डाव्या हाताची बोटं खाटेच्या लोखंडी पट्टीवर पडत होती. गाणं पुढं जात राहिलं. कुणी थांबलं नाही, कुणी ‘बघा बघा’ केलं नाही. बोटं अडखळत होती, पण ठेका ओळखू येत होता. धुमाळी. तबला वाजवणारा उजवा हात गेला होता. डग्ग्याचा डावा शिल्लक होता, आणि तो आपलं काम करत होता. मला वाटतं, त्या घरात त्या काळात माझ्यापेक्षा जास्त उपासना त्यांनी केली.

मावशींनी मला आणखी एक गोष्ट दिली, ती समजायला मला वेळ लागला. एकदा मी त्यांना म्हटलं की देवाबद्दल माझ्या मनात वाईटसाईट येतं. त्या म्हणाल्या, “येते त त्यालेच सांगजो. पुस्तकात लोकायनं सांगतलंच हाय नं.” आणि त्यांनी अठ्ठ्याऐंशीवं स्तोत्र काढून वाचलं. ते स्तोत्र आळवणीनं सुरू होतं आणि अंधारात संपतं. शेवटी दिलासा नाही, स्तुती नाही, उजेडाची तिरीप नाही. मावशींनी वाचून पुस्तक मिटलं आणि वर एक शब्दही जोडला नाही. दीडशे स्तोत्रांतली कितीतरी अशी विलापाची आहेत, हे मला माहीत होतं. पण असं गाऱ्हाणंही शतकानुशतकं मंडळीनं एकत्र बसून मोठ्यानं म्हटलं आहे, हे तोवर माझ्या ध्यानात आलं नव्हतं. माझ्या मनात जे येत होतं त्यासाठीसुद्धा उपासनेत जागा होती.

उत्तम शुक्रवारी आमच्याकडे वधस्तंभावरच्या सात उद्गारांवर सात जण बोलतात. दुपारचं कडक ऊन, आणि देवळात माणसं तास न् तास बसलेली. चौथ्या उद्गारात प्रभू देवाला विचारतो की तू मला का सोडलंस. ते शब्द बाविसाव्या स्तोत्राच्या सुरुवातीचे. म्हणजे लहानपणी त्यानं आपल्या लोकांच्या तोंडून ऐकलेलं, त्यांच्याबरोबर म्हटलेलं. प्राण कंठाशी आले तेव्हा त्यानं मंडळीचं गाणं जवळ केलं. हे ध्यानात आल्यापासून मला स्वतःचे शब्द नसल्याची लाज वाटेनाशी झाली.

२०१७ साल आमच्या जिल्ह्याला फार वाईट गेलं. कपाशीवर फवारणी करता करता शेतकरी-शेतमजुरांना विषबाधा झाली. शेकडो जण दवाखान्यांत दाखल झाले, जिल्ह्यात वीसहून अधिक माणसं दगावली. शिवाय पिकावर गुलाबी बोंडअळी पडली. त्याच पावसाळ्याच्या शेवटी माझे यजमान गेले. मयतीला जी माणसं आली त्यांतल्या काहींच्या स्वतःच्याच घरी आजारी माणूस होतं. तरी ती आली आणि कबरीपाशी उभी राहून गायली.

त्या हिवाळ्यात कापणीचा सण आला. या सणाला प्रत्येकानं आपल्या पिकातलं काही आणून वेदीपुढं ठेवायचं, आणि उपासनेनंतर त्याचा लिलाव व्हायचा. शेवग्याच्या शेंगांची जुडी एकानं घ्यायची, पैसे द्यायचे आणि पुन्हा लिलावालाच ठेवायची, अशी गंमत चालते. त्या वर्षी टेबलावर फार काही नव्हतं. तुरीच्या शेंगा, एक भोपळा, थोडी ज्वारी. शेवटी खेड्यावरचा एक शेतकरी उठला. त्यानं टॉवेलाच्या गाठीतून किडकी बोंडं काढून ठेवली. अर्धवट उमललेली, आत अळीनं पोखरलेली, कापसाच्या जागी पिवळट कवडी. म्हणाला, “यंदा देवानं हेच देल्लं. जे आलं ते आणलं.”

पाळकांनी त्या दिवशी हबक्कूकचा शेवटचा अध्याय वाचला. अंजिराला फूल नाही, वेलीला फळ नाही, शेतात धान्य नाही, गोठ्यात जनावर नाही, तरी मी परमेश्वराच्या ठायी आनंद करीन, असं तो संदेष्टा म्हणतो. हे वचन मी आधी शंभर वेळा ऐकलं असेल. पण समोर ती बोंडं असताना ऐकलं तेव्हा त्यातलं ‘तरी’ कुठून येतं ते दिसलं. तो शेतकरी घरी एकटा बसला असता तर ते त्याच्या तोंडी आलं असतं का, मला माहीत नाही. पण तो चार माणसांत आला, आणि त्याची नापिकी सगळ्यांच्या देखत देवापुढं ठेवली गेली. त्या बोंडांचाही लिलाव झाला. सिस्टरमावशींनी आपल्या पेन्शनमधून ती घेतली.

विश्वास टिकवणं म्हणजे एकेकट्यानं दात-ओठ खाऊन तग धरणं, अशी माझी जुनी समजूत होती. आजारपणानं ती मोडली. ‘प्रेषितांची कृत्ये’ या पुस्तकात पौल आणि सीला फिलिप्पैच्या तुरुंगात, पाय खोड्यात अडकलेले असताना, मध्यरात्री गातात. त्या प्रसंगाचं नेहमी कौतुक होतं ते गाणाऱ्यांचं. पण तिथं लिहिलं आहे की बाकीचे कैदी ऐकत होते. ते कोण होते, त्यांचा गुन्हा काय, त्यांचा विश्वास होता की नव्हता, काही सांगितलेलं नाही. पुढं भूकंप झाला तेव्हा बंधनं मात्र सगळ्यांचीच गळून पडली. इतकी वर्षं मी उंबऱ्याशी बसले होते ती त्या ऐकणाऱ्यांत.

माझी प्रार्थना परत आली, पण कोणत्या दिवशी ते मला सांगता येणार नाही. भात शिजायला टाकून गुणगुणताना केव्हातरी जाणवलं की हे मी देवाशीच बोलते आहे. मावशींना सांगितलं तर त्या फक्त “बरं झालं” म्हणाल्या आणि पुढच्या बुधवारी कुणाकडे जायचं आहे ते सांगितलं. मी पिशवी उचलली आणि निघाले.

मावशी आता नाहीत. बुधवार चालू आहे. रविवारी देवळात बसले की मी बाकांवर नजर फिरवते आणि कोण आलं नाही ते पाहते. आमची मंडळी लहान. एक जागा रिकामी असली तरी कळते. परवा एका घरी गेलो. तरुण मुलगा गेलेला. त्याची आई आमच्याकडे पाठ करून बसली होती. तिला काही सांगावं असं माझ्यापाशी नव्हतं. आम्ही तिच्या घरातली भांडी घासली, पाणी भरलं आणि तिच्या वाट्याचं गाणं गाऊन आलो. पुढच्या बुधवारी पुन्हा जाणार आहोत, आणि ती स्वतः गाईपर्यंत जात राहणार आहोत. माझ्या पदरी आज जो विश्वास आहे तो याच माणसांनी अडचणीत मला उसना दिला होता. ते उसनं फेडायची मला ठाऊक असलेली रीत एवढीच आहे.