बिनअक्षरी कप्पा

फळवाले चाचा शाळेच्या ऑफिसात आले तेव्हा माझा सातवीवर तास चालू होता. शिपाई बोलवायला आला. चाचांच्या हातात प्लॅस्टिकची पिशवी आणि पिशवीत नातीची कागदपत्रे. नात बारावी सायन्सला, पुढच्या प्रवेशासाठी ओबीसीचा दाखला हवा होता. जात बागवान. जात यादीत आहे, पण नुसते यादीत असून भागत नाही. 13 ऑक्टोबर 1967 च्या आधीचा पुरावा लागतो. त्या तारखेआधी चाचांच्या घरातून शाळेची पायरी चढलेली माणसे दोनच. एक स्वतः चाचा आणि दुसरे त्यांचे मरहूम थोरले भाऊ. दोघेही आमच्याच उर्दू शाळेत शिकले.

"मॅडम, बडे सर बोले थे, सब कॉम्प्युटर में रख दिया है," चाचा म्हणाले.

बडे सर म्हणजे आमचे निवृत्त मुख्याध्यापक. अल्लाह त्यांना जन्नत नसीब करो. दाखल-खारिज रजिस्टर जुने झाले, कागद तुटू लागला, हे त्यांनी वेळेवर ओळखले होते. नोकरीच्या शेवटच्या दोन उन्हाळी सुट्ट्या त्यांनी घरचा स्कॅनर शाळेत आणून एकेक पान स्कॅन करण्यात घालवल्या. आम्ही मागे हसायचो. त्यांच्यानंतर ऑफिसचे छत दोन पावसाळे गळले आणि रजिस्टरची पाने एकमेकांना अशी चिकटली की ओढले तर शाईच हातात यावी. तेव्हा हसणे थांबले.

स्कॅन केलेली पाने लॅबमधल्या पहिल्या कॉम्प्युटरच्या डी ड्राइव्हमध्ये होती. मी चाचांना घेऊन लॅबमध्ये गेले, मशीन चालू केले. सी होता, सीडीचा ई होता. डी नव्हताच.

लॅब सांभाळणाऱ्या ठेकेदाराच्या माणसाला फोन लावला. त्याचा ठेका संपून वर्ष झाले होते. "पोरं डीमध्ये गेम टाकायची, म्हणून मी डी काढून टाकला," तो सहज म्हणाला. ॲडमिनचा पासवर्ड विचारला तर आठवत नव्हता. गावातल्या दुरुस्तीवाल्याने मशीन बघितले आणि सांगितले, फॉरमॅट मारावा लागेल, जुने काही राहणार नाही. डिस्क काढून दुसऱ्या मशीनला लावू म्हटले तर मुख्याध्यापक तयार होईनात. मशीन सरकारी पुरवठ्याचे, त्यावर सील, डेडस्टॉकला नोंद. त्यांचेही चुकत नव्हते.

मी एक वेडेपणा केला. स्वतःचा पेन ड्राइव्ह लावून पाहिला, आणि स्क्रीनवर डी उगवला! क्षणभर छाती धडधडली. उघडला तर त्यात मुलांसाठी उतरवलेल्या नज्म आणि भाच्याने भरलेल्या कव्वाल्या. रिकामे अक्षर दिसले म्हणून विंडोजने ते नव्या पाहुण्याला देऊन टाकले होते. पण त्यातूनच एक गोष्ट उमगली. अक्षर हलते, याचा अर्थ अक्षर म्हणजे कप्पा नव्हे. त्या माणसाने कप्पा काढला नव्हता, कप्प्यावरची पाटी काढली होती.

ड्राइव्हला अक्षरे देण्याची ही रीत बरीच जुनी. 1970 च्या दशकात गॅरी किल्डॉल यांच्या सीपी-एम प्रणालीत ती होती, तिथून डॉसमध्ये आली. 1981 च्या आयबीएम पीसीत ए आणि बी ही अक्षरे फ्लॉपीने घेतली, हार्ड डिस्क मागून आली म्हणून तिला सी मिळाले. फ्लॉपी जाऊन जमाना झाला, तरी मोजणी सी पासूनच. आमच्या मोहल्ल्यात मालक जाऊन तीस वर्षे झाली तरी घर त्याच्याच नावाने सांगतात, त्यातलाच प्रकार. ही अक्षरे सव्वीसच. विंडोज 2000 पासून मात्र प्रत्येक कप्प्याला, म्हणजे व्हॉल्यूमला, आणखी एक लांबलचक नाव मिळू लागले. दोन उलट्या तिरक्या रेघा, प्रश्नचिन्ह, पुन्हा एक उलटी रेघ, मग व्हॉल्यूम हा शब्द, महिरपी कंसात 32 अंक-अक्षरांचा क्रमांक आणि शेवटी पुन्हा एक उलटी रेघ. सगळी मिळून 49 अक्षरे. माणसाने लक्षात ठेवावे असे हे नाव नाही, पण पाटी काढली तरी ते जात नाही. कप्प्याला नवे अक्षर लावायला ॲडमिनचा अधिकार लागतो. या लांब नावाने आत जाऊन फायली वाचायला, फायलींवर वेगळी बंदी नसेल तर, साधा वापरणारा पुरतो. आमचे कुलूप तिथेच उघडणार होते.

बी.एस्सी.ला असताना मी नागपूरच्या यशवंत कानेटकरांच्या 'लेट अस सी'वरून सी भाषा शिकले होते. बी.एड.नंतर पंधरा वर्षे ती कुठे लागली नाही. लॅबमध्ये जुना टर्बो सी होता, पण तो डॉसच्या काळातला, त्याला विंडोजची ही फंक्शने ठाऊकच नाहीत. म्हणून घरी, मुकुंदनगरात, रात्री जेवणखाण आटोपले की लॅपटॉपवर नवा कंपायलर घेऊन बसायचे आणि तयार झालेला प्रोग्राम पेन ड्राइव्हवर घालून सकाळच्या एसटीने न्यायचा. अम्मी विचारायची, एवढे काय लिहितेस, पेपर काढतेस का?

प्रोग्राम मोठा नव्हता. फाइंड-फर्स्ट-व्हॉल्यूम हे फंक्शन पहिल्या कप्प्याचे लांब नाव देते, फाइंड-नेक्स्ट-व्हॉल्यूम पुढचे, संपेपर्यंत. प्रत्येक नावावर दुसरे एक फंक्शन विचारते, बाबा रे, तुला अक्षर आहे का? आमच्या मशीनवर दोन कप्प्यांनी उत्तर रिकामे दिले. एक विंडोजने स्वतःसाठी राखलेला 100 एमबीचा. दुसऱ्याचे लेबल वाचले आणि रिकाम्या लॅबमध्ये मी मोठ्याने "सुभानल्लाह" म्हणाले. लेबल होते 'इल्म'. हे बडे सरांशिवाय कोण ठेवणार!

तरी आत जायला आणखी दोन दिवस लागले, आणि दोन्ही दिवस माझ्याच चुकांचे. नावाच्या शेवटची उलटी रेघ मला फालतू वाटली, मी ती छाटली. ती असली तर नावाचा अर्थ कप्प्यातले पहिले दालन, नसली तर कप्पा हे यंत्रच. आणि थेट यंत्राला हात लावायला पुन्हा ॲडमिन लागतो. एका रेघेने मला दिवसभर दाराबाहेर उभे केले. त्यात सीमध्ये एक उलटी रेघ लिहायची तर दोन लिहाव्या लागतात, त्यामुळे मोजताना डोळे फिरायचे. दुसरी चूक मात्र मनाला लागली. फायलींची यादी आली, पण प्रत्येक नावाच्या जागी नुसती प्रश्नचिन्हे. बडे सरांनी फायलींना उर्दूत नावे दिली होती. विंडोजच्या अशा फंक्शनांची दोन रूपे असतात, एक अरुंद आणि एक रुंद. अरुंद रूपाला त्या मशीनवर उर्दू अक्षरे माहीत नव्हती, जे ओळखू येत नाही तिथे ते प्रश्नचिन्ह ठेवत होते. प्रश्नचिन्हांच्या नावाने फाइल उघडतही नाही. उर्दू शाळेत शिकवणारी बाई आणि अरुंद फंक्शन वापरते, माझे मलाच हसू आले. रुंद रूप घातले, यादी स्क्रीनऐवजी फायलीत लिहून घेतली, तेव्हा नावे वाचता आली.

हे मी आठवीच्या मुलांना समजावत होते तेव्हा किल्ल्याचा दाखला दिला. मौलाना आझाद 1942 च्या ऑगस्टपासून आपल्या नगरच्या किल्ल्यात कैदेत होते. तिथून त्यांनी हबीबुर्रहमान खान शेरवानींना पत्रे लिहिली. घेणारा ठाऊक होता, पण पाठवायची वाट बंद होती. ती पत्रे 1946 मध्ये 'गुबार-ए-खातिर' म्हणून पुस्तकातून बाहेर पडली. एक मुलगा म्हणाला, "मॅडम, म्हणजे त्यांना पण ॲडमिन पासवर्ड मिळाला नव्हता." हसू दाबणे मुश्किल झाले.

सगळी पाने मी पेन ड्राइव्हवर उतरवून घेतली आणि त्या संध्याकाळी चाचांचे पान शोधले. बडे सरांचे स्कॅन स्वच्छ होते. चाचांच्या नावापुढे जातीच्या रकान्यात लिहिले होते 'मुसलमान'. नुसते मुसलमान. लिहिणाऱ्या मास्तरांना त्यात काही कमी वाटले नसेल. त्या काळी रकान्याकडे तसे कोण बघत होते? चाचांना फोन करायचा धीर मला रात्रभर झाला नाही.

सकाळी पुन्हा पाने चाळत बसले. आठ-नऊ पाने मागे थोरल्या भावाची नोंद सापडली. बाप तोच, गाव तेच, अक्षर दुसऱ्या मास्तरांचे, आणि रकान्यात स्पष्ट 'बागवान'. बापाकडच्या रक्ताच्या नातेवाइकाची नोंद पुरावा म्हणून जोडता येते. पण उताऱ्याला मूळ रजिस्टरचा आधार हवा, हे मुख्याध्यापकांचे म्हणणे रास्त होते. स्कॅनवरून पान नेमके कितवे ते कळल्यामुळे चिकटलेल्या गठ्ठ्यातून तेवढेच पान सोडवायचे होते. टीपकागद घेऊन शिपाई आणि मी दोन तास खपलो. पान निघाले. एक कोपरा गेला, रकाना वाचला.

उताऱ्याचा मसुदा करताना क्लार्क अडला. रजिस्टरच्या कव्हरवर उर्दूत 'जिला अहमदनगर', आणि 2024 मध्ये जिल्ह्याचे नाव अहिल्यानगर झालेले. उताऱ्यावर काय लिहायचे? मुख्याध्यापकांनी सांगितले, नोंदीत आहे ते नोंदीत, शिक्क्यात आहे ते शिक्क्यात. सेतूतल्या मुलाने त्यावर काही विचारले नाही. नाव बदलल्याचे मला काहीच वाटले नाही असे म्हटले तर ते खोटे होईल. पण त्या दिवशी माझी सगळी चिंता त्या फाटक्या कोपऱ्याची होती.

त्या लांब नावावरही फार विसंबू नये, हे मी नंतर शिकले. आमच्या डिस्कसारख्या जुन्या पद्धतीच्या डिस्कवर ते नाव त्या मशीनच्या विंडोजने दिलेले असते. विंडोज नव्याने टाकले की तेही बदलते. म्हणून प्रोग्राममध्ये मी ते कुठेच पक्के लिहिलेले नाही. तो दर वेळी सगळे कप्पे नव्याने विचारतो आणि 'इल्म' लेबल दिसले की थांबतो. पानांच्या दोन प्रती आता वेगवेगळ्या घरी आहेत, एक माझ्याकडे, एक क्लार्ककडे.

प्रांत कार्यालयातून दाखला निघाला आहे, पडताळणी समितीकडचा अर्ज अजून चालू आहे. चाचा त्या दिवशी राहात्याचे पेरू घेऊन आले, स्टाफरूममध्ये सगळ्यांनी खाल्ले. डीचे अक्षर मात्र परत आलेले नाही, पासवर्ड कुणालाच आठवत नाही. कुणी जुन्या नोंदीसाठी आले की मी माझा पेन ड्राइव्ह लावते, आणि स्क्रीनवर डी म्हणून आधी भाच्याच्या कव्वाल्याच येतात.