तीन मेगाहर्ट्झ

८६५ आणि ८६८ यांत फरक तिनाचाच. त्या तिनापायी आमच्या यंत्रांचं खोकं सहारच्या एअर कार्गोत अडकलं, तेव्हा द्राक्षबागांच्या ऑक्टोबर छाटण्या तोंडावर आल्या होत्या.

नाशिकच्या एका लहान कंपनीत मी आयातीचं काम बघतो. आमची यंत्रं बागेत मांडवाखाली बसतात. पान किती तास ओलं राहिलं, हवेत दमटपणा किती, हे मोजून ‘लोरा’ या रेडिओ तंत्राने लांबच्या गेटवेला कळवतात. छाटणीनंतर पाऊस लागून राहिला की डावणी येते, आणि फवारा आज मारायचा की थांबायचं, हे बागाईतदार या आकड्यांवरून ठरवतो.

क्लिअरिंग एजंटचा फोन आला. “साहेब, डब्ल्यूपीसीचं ईटीए मागताहेत. त्याशिवाय माल सुटणार नाही.” यंत्रांवर युरोपचं सीई चिन्ह आहे, ते सगळीकडे चालतं, असं परदेशी पुरवठादाराने आम्हाला लेखी कळवलं होतं. भारतात ते पुरेसं नाही. डब्ल्यूपीसी ही दूरसंचार विभागाची १९५२ सालापासूनची शाखा. देशात कोणी कोणत्या फ्रिक्वेन्सीवर बोलायचं, याची वाटणी तिच्याकडे. काही पट्टे खुले आहेत, तिथे वापरणाऱ्याला परवाना लागत नाही. पण त्या पट्ट्यात चालणाऱ्या यंत्राच्या मॉडेलला मंजुरी लागते, तीच ईटीए. आमच्या कामाचा पट्टा २००५ साली ८६५ ते ८६७ मेगाहर्ट्झ असा खुला झाला आणि २०२१ मध्ये ८६८ पर्यंत वाढला. युरोपात लोराचे नेहमीचे चॅनेल ८६८.१, ८६८.३ आणि ८६८.५, म्हणजे आपल्या हद्दीच्या नेमके पलीकडे. पुरवठादाराचा चाचणी अहवाल त्याच चॅनेलांचा होता.

निफाडकडच्या एका बागाईतदाराने, आम्ही त्यांना नाना म्हणतो, वैतागून विचारलं, “एवढ्याशा डबीला दिल्लीची परवानगी कशाला रे?”

नानांच्या बांधापलीकडे मोबाइलचा टॉवर आहे. तो दाखवूनच मी त्यांना सांगितलं. याच डबीची अमेरिकी आवृत्ती ९०२ ते ९२८ मेगाहर्ट्झवर बोलते. आपल्याकडे ८९० ते ९१५ या पट्ट्यात मोबाइल हँडसेट टॉवरकडे सिग्नल पाठवतात. हँडसेटचा सिग्नल टॉवरपर्यंत जाईतो अगदी क्षीण होतो आणि टॉवरचा रिसीव्हर तेवढंच क्षीण टिपायला बसवलेला असतो. त्याच्या शेजारी अशा शेकडो डब्या त्याच पट्ट्यात बोलू लागल्या, तर ऐन गरजेच्या वेळी कुणाचा १०८ ला लावलेला फोन लागणार नाही. बरं, बिघाड शोधायचा कुठे? डब्या वेलींच्या गर्दीत, वेगवेगळ्या गावांत. एकदा यंत्रं पसरली की ती गोळा करणं कुणाच्याही हाती राहत नाही; म्हणून ती देशात शिरतानाच अडवून विचारलेलं बरं. मला हा नियम तेव्हाही पटला होता. १९३३ च्या कायद्याने तर वायरलेस यंत्र परवान्याशिवाय नुसतं बाळगणंही गुन्हा ठरवलं होतं. त्याची जागा घ्यायला २०२३ चा दूरसंचार कायदा आला, तरी मूळ काळजी तीच आहे.

खोकं परत पाठवलं. पुरवठादाराने भारतीय चॅनेलांचं फर्मवेअर घातलं आणि मान्यताप्राप्त प्रयोगशाळेत नव्याने चाचणी करून घेतली. अहवाल आला तेव्हा मी आधी आलेख बघितले. ८६५.०६२५, ८६५.४०२५ आणि ८६५.९८५ वर तीन स्वच्छ शिखरं होती, आणि शक्ती एक वॅटच्या मर्यादेच्या खूप खाली. ‘सरल संचार’ पोर्टलवर स्वयंघोषणेने अर्ज केला. ही सोय २०१९ पासूनची. कागद झटपट मिळतो, पण खाली सही आपली असते. अहवालातला आकडा न् आकडा यंत्राशी ताडून पाहिल्याशिवाय मी ती केली नाही. सरकारने आपल्या शब्दावर विश्वास ठेवलाय, तो जपायलाच हवा.

माल आला तोवर बागा फुलोऱ्यात होत्या. सुरुवातीचा पाऊस नानांनी अंदाजानेच काढला होता; फुलोऱ्यात घडावर येणारी डावणी सगळ्यांत वाईट, तेवढ्यासाठी तरी यंत्रं वेळेवर लागली. या विलंबाबद्दल मला आजही वाईट वाटतं. नियम जाचक नाही, पण तो लहान आयातदाराला कळतो तो माल अडकल्यावर. कोणता पट्टा, किती शक्ती, कोणता अहवाल, हे साध्या मराठीत एका पानावर मावेल. ते पान उद्योग केंद्रात आणि प्रत्येक क्लिअरिंग एजंटच्या टेबलावर असायला हवं.

यंदा पुरवठादाराने रेडिओ चिप बदलली. “नाव तेच ठेवतो, जुन्याच मंजुरीवर आणा,” असं त्याने सुचवलं. मी नकार कळवला. मंजुरी तपासलेल्या मॉडेलची असते, वरच्या नावाची नाही. नवा अहवाल मागवलाय, ऑर्डर त्यानंतर.