आम्ही, आपण आणि दोन पदव्या

विद्यापीठ अनुदान आयोगाने एप्रिल २०२२ मध्ये एका विद्यार्थ्यास एकाच वेळी दोन पदव्यांचा अभ्यास करण्याची मुभा दिली. दोन्ही अभ्यासक्रम हजेरीचे असतील तर त्यांच्या तासिका एकमेकींवर येऊ नयेत, किंवा एक हजेरीचा आणि दुसरा दूरशिक्षणाचा असावा, ही त्यातील मुख्य अट. तासिकांच्या टकरीचा विचार आयोगाने केला आहे. दोन विषयांची एकाच डोक्यात टक्कर झाली तर काय करावे, याविषयी मात्र नियम मौन बाळगून आहेत, आणि ते योग्यच म्हणावे लागेल. त्या टकरीतून जे हाती लागते त्यालाच कदाचित शिक्षण म्हणत असावेत.

या मुभेचा लाभ घेऊन आम्ही धुळ्यात राज्यशास्त्राच्या विभागात आंतरराष्ट्रीय अभ्यासाची आणि दूरशिक्षणाने जनसंपर्काची, अशा दोन पदव्युत्तर पदव्यांचा अभ्यास एकदम आरंभला. दुसरीची संपर्क-सत्रे शनिवार-रविवारी जळगावला भरत. धुळे-जळगाव हे अंतर नव्वदेक किलोमीटरांचे; वाटेत पारोळा, एरंडोल, आणि बांभोरीजवळ गिरणेच्या काठी विद्यापीठ. आमचे गाव पारोळा तालुक्यात, म्हणजे दोन्ही पदव्यांच्या साधारण मधोमध. पाच दिवस आम्ही पश्चिमेकडे तोंड करून जगाचा विचार करीत असू आणि उरलेले दोन दिवस पूर्वेकडे तोंड करून जगाला काय सांगावे याचा. गावात यावर विनोद होत. ‘एका डिग्रीने नोकरी लागत नाही म्हणून दोन’ हा त्यांतला सौम्य. तो अगदीच खोटा नव्हता, हेही नमूद करायला हवे.

वरवर पाहता या दोन विषयांचा परस्परांशी संबंध नाही. परंतु दोघांच्या जन्मकथा शेजारी ठेवल्या की एक विलक्षण गोष्ट ध्यानात येते. आंतरराष्ट्रीय राजकारणाचे पहिले अध्यासन वेल्समधील अ‍ॅबरिस्टविथ येथे १९१९ साली स्थापन झाले. पहिल्या महायुद्धासारखा संहार पुन्हा होऊ नये, यासाठी युद्धे का होतात ते शोधावे, हा त्यामागील हेतू. जनसंपर्काची सुरुवात आयव्ही ली यांच्या १९०६ सालच्या तत्त्वघोषणेपासून सांगतात. परंतु त्याला शास्त्राचा तोरा आणला तो एडवर्ड बर्नेज यांनी. त्यांचे ‘क्रिस्टलायझिंग पब्लिक ओपिनियन’ हे पुस्तक १९२३ चे. महायुद्धाच्या काळात अमेरिकन सरकारच्या प्रचार-समितीत त्यांनी काम केले होते, आणि युद्धासाठी जे साधले ते शांततेच्या काळातही साधता येईल, ही त्यांची धारणा त्या अनुभवातून आली होती. म्हणजे एकाच महायुद्धातून दोन विद्यांना बळ मिळाले. एकीने विचारले, युद्ध का झाले? दुसरीने विचारले, लोक त्यासाठी राजी कसे झाले? पहिलीच्या वर्गात आम्हांला सरकारी निवेदनातील प्रत्येक शब्दाकडे संशयाने पाहावयास शिकवीत. दुसरीच्या वर्गात तेच निवेदन संशय न यावा असे कसे लिहावे, हे शिकवीत. सोमवारी जे उसवायचे ते शनिवारी शिवायचे, असा हा क्रम दोन वर्षे चालला.

येथे मराठीने आमची मोठी सोय केली. इंग्रजीत ‘वी’ हा एकच शब्द आहे; ऐकणारा त्यात धरला आहे की वगळला आहे, हे त्यावरून कळत नाही. मराठीत ते पहिल्या शब्दालाच कळते. ‘आम्ही’ म्हटले की ऐकणारा बाहेर राहिला. ‘आपण’ म्हटले की तो आत आला. व्याकरणाच्या तासाला शिकविलेला हा साधा भेद दोन्ही विषयांची किल्ली आहे असे आम्हांला वाटू लागले. राष्ट्राराष्ट्रांतील व्यवहार ‘आम्ही’ या सर्वनामावर चालतो. सीमा, तह आणि जकात यांना त्याखेरीज अर्थ नाही. जनसंपर्काचा सारा खटाटोप ‘आम्ही’चे ‘आपण’ करण्याचा. कारखाना, बँक वा सरकार यांच्या ‘आम्ही’त आपण नसतो, परंतु पत्रक वाचून झाल्यावर आपण त्यात होतोच असे वाटले पाहिजे. साहित्याच्या विद्यार्थ्यांना यात निवेदकाचा जुना प्रश्न दिसेल. कादंबरीतला ‘आम्ही’ कोणाच्या वतीने बोलतो, हे आपण कसून तपासतो. वर्तमानपत्रात छापून आलेल्या पत्रकाचा ‘आपण’ मात्र आपल्या नजरेतून सहज निसटतो.

हा भेद घेऊन आम्ही आमच्याच मुलखाकडे पाहिले. खानदेश जगापासून दूर आहे, ही समजूत खानदेशातच अधिक प्रचलित आहे. वस्तुतः १८६१ ते १८६५ या काळात अमेरिकेत यादवी युद्ध पेटले, तेथील कापूस लँकाशायरच्या गिरण्यांना मिळेनासा झाला आणि त्यांची नजर हिंदुस्थानाकडे, पर्यायाने आमच्या काळ्या जमिनीकडे वळली. भाव चढले, युद्ध संपताच ते कोसळले. तापी-गिरणेच्या खोऱ्यातील कुणब्याने ज्या देशाचे नावही ऐकले नसेल, तेथील लढाई सुरू होण्याने त्याची चूल पेटली आणि संपण्याने विझली. या प्रकरणात आमच्या दुसऱ्या पदवीलाही धडा आहे. त्या काळी लँकाशायरात हिंदुस्थानी कापसाला, तो कोठलाही असो, सरसकट ‘सुरत’ म्हणत; आणि आखूड धाग्याच्या, कचरा मिसळलेल्या या मालाशी झगडताना तेथील कामगारांनी त्या शब्दाची जवळजवळ शिवीच करून टाकली. पिकविणारा एक, नाव दुसऱ्याचे आणि लौकिक ठरविणारा तिसरा. नावाविषयी पिकविणाऱ्याला कोणी विचारले नाही, आणि काही सांगायचे असते तरी ते पोहोचविण्याची वाट नव्हती. जग खानदेशात येत होते. खानदेशचा शब्द उलट दिशेने जात नव्हता.

तो निदान एकदा गेला, असे मानायला जागा आहे. काँग्रेसचे खेड्यात भरलेले पहिले अधिवेशन डिसेंबर १९३६ मध्ये यावल तालुक्यातील फैजपूरला झाले. नंदलाल बसूंनी बांबूसारख्या स्थानिक साहित्यातून त्याची सजावट केली. अध्यक्ष जवाहरलाल नेहरू यांनी भाषणात फॅसिझम, साम्राज्यशाही आणि स्पेनमध्ये पेटलेले यादवी युद्ध यांची सविस्तर चर्चा केली. स्पेन कोठे आहे, हे त्या गर्दीतल्या किती शेतकऱ्यांना ठाऊक असेल? तरीही त्याच अधिवेशनाने शेतसारा, खंड आणि कर्जबाजारीपणा यांविषयीचा शेतीविषयक कार्यक्रम मंजूर केला. माद्रिद आणि फैजपूर यांना एका मांडवात बसविणे ही आंतरराष्ट्रीय अभ्यासाची करामत. तो मांडव बांबूचा असावा हे ठरविणे ही जनसंपर्काची. आमच्या दोन्ही पदव्यांचा पाठ त्या एका मांडवात होता, असे म्हटल्यास वावगे ठरू नये.

आमचा स्वतःचा पाठ २०२५ च्या पावसाळ्यात आला. केंद्र सरकारने कापसावरील ११ टक्के आयात शुल्क १९ ऑगस्टपासून ३० सप्टेंबरपर्यंत माफ केले आणि पुढे ही मुदत ३१ डिसेंबरपर्यंत वाढविली. २७ ऑगस्टपासून बहुतांश भारतीय मालावर अमेरिकेत ५० टक्के शुल्क लागू झाले. कापड-उद्योगाला स्वस्त कापूस मिळावा हे शुल्कमाफीचे सांगितलेले कारण. आणि पूर्वहंगामी लागवडीचा आमच्याकडील कापूस वेचणीला येण्याचा तो काळ. धुळ्याच्या वर्गात या निर्णयावर आम्ही निबंध वाचला. रॉबर्ट पुटनम यांचा १९८८ चा सिद्धान्त त्यासाठी सोयीचा होता: वाटाघाटी करणारा एकाच वेळी दोन मेजांवर बसलेला असतो, एक परदेशाशी, दुसरे स्वदेशातील हितसंबंधीयांशी. त्याच आठवड्यात जळगावच्या सत्रात स्वाध्याय मिळाला: याच निर्णयाविषयी सरकारी जनसंपर्क अधिकाऱ्याच्या भूमिकेतून प्रसिद्धीपत्रक लिहा. आम्ही ते लिहिले. ‘आपला वस्त्रोद्योग’, ‘आपले कामगार’, ‘आपली निर्यात’ असे त्यात सर्व काही आपले होते. गुण उत्तम मिळाले.

त्या रविवारी गावी परतलो तेव्हा शेजारचे आप्पा पारावर भेटले. त्यांच्याजवळ सहा एकर कापूस. ते म्हणाले, “भाऊ, तू दोन डिग्र्या करी राहिना ना? मंग सांग, कापूस इकाना का ठेवाना?”

हा प्रश्न कोणत्याही प्रश्नपत्रिकेत नव्हता, पण दोन्ही अभ्यासक्रमांचा सारा भार त्यावर होता. शुल्कमाफी पुढे वाढेल की नाही, अमेरिका काय करील, सुताचा भाव कोठे जाईल, यांची भाकिते करणारे पुष्कळ आहेत. आम्ही ते धाडस केले नाही. जे निश्चित होते ते एका कागदावर सोप्या मराठीत लिहून पारावर वाचून दाखविले. शुल्कमाफीच्या तारखा. हमीभाव, मध्यम धाग्याला क्विंटलमागे ७,७१० रुपये आणि लांब धाग्याला ८,११०. हमीभावाने विक्रीसाठी त्या हंगामात ‘कपास किसान’ या ॲपवर नोंदणी करावी लागणार होती, तेही सांगितले. ज्यांच्याकडे तसा मोबाइल नव्हता त्यांची नोंदणी तरुण पोरांनी करून द्यावी असे ठरले. खेडा खरेदीचा व्यापारी दारात उभा राहून भाव सांगतो तेव्हा हातात दुसरा आकडा असणे, एवढाच या कागदाचा उपयोग. तो लहान होता. पण जनसंपर्काच्या त्या सत्रात आम्ही जे जे लिहिले त्यांत कोणाच्या तरी कामी आलेला तेवढा एकच मजकूर.

मग आप्पांनीच सुचविले की एक निवेदन द्यावे. मसुद्याचे काम साहजिकच दोन पदव्यांच्या धन्याकडे आले. ‘आम्ही खाली सह्या करणारे शेतकरी आपणांस विनंतीपूर्वक कळवितो की’ हे पहिले वाक्य लिहिले आणि लेखणी थबकली. आपण! प्रसिद्धीपत्रकात ज्या शब्दाने सारा देश एका पंगतीत बसविला होता, तोच शब्द येथे साहेबांचे आदरार्थी संबोधन होऊन बसला होता. वरून खाली येताना ‘आपण’चा अर्थ ‘तुम्ही आणि आम्ही मिळून’. खालून वर जाताना त्याचाच अर्थ ‘तुम्ही’, आणि त्यात आम्ही नाही. शब्द एक, दिशा बदलली की अर्थ उलटा. जनसंपर्काच्या आमच्या कोणत्याही पाठ्यपुस्तकात निवेदन या लेखनप्रकाराला स्थान नव्हते. वास्तविक आपल्याकडे गावोगावी, चावडीवर, टायपिंगच्या दुकानात लिहिला जाणारा जनसंपर्काचा सर्वांत विपुल वाङ्मयप्रकार तोच असावा. फक्त त्याचा प्रवाह उलटा आहे, म्हणून तो अभ्यासक्रमाबाहेर.

मसुदा वाचून दाखविला. आप्पांनी शांतपणे ऐकला आणि विचारले, माफी देताना सरकारने कारण काय लिहिले आहे? अशा अधिसूचनांत, लोकहितासाठी आवश्यक असल्याची खात्री झाल्यावरून, अशा अर्थाचे ठराविक शब्द असतात. ते आम्ही सांगितले. क्षणभर थांबून त्यांनी शेवटी एक वाक्य घालावयास लावले. ते त्यांनी अहिराणीत सांगितले, आम्ही प्रमाण मराठीत उतरविले: ज्या लोकांच्या हितासाठी हे केले त्या लोकांत आम्ही धरले आहोत किंवा कसे, एवढे कळवावे.

दोन वर्षांत वाचलेल्या कोणत्याही सिद्धान्ताने पुटनमच्या दोन मेजांना याहून नेमका प्रश्न विचारला नव्हता. तिसऱ्या मेजाची मागणी त्यात नाही. आहे त्या मेजावर आपली गणती आहे का, एवढीच विचारणा आहे. आणि जनसंपर्क या शब्दातील ‘जन’ कोण, हाही प्रश्न तोच.

बहिणाबाई चौधरी (१८८० ते १९५१) आसोद्याच्या. त्यांना लिहिता-वाचता येत नव्हते. त्यांची गाणी सोपानदेवांनी जपली, आचार्य अत्र्यांना दाखविली आणि १९५२ मध्ये ती पुस्तकरूपाने आली. २०१८ पासून उत्तर महाराष्ट्र विद्यापीठाला त्यांचे नाव आहे. अक्षर न येणाऱ्या बाईचे नाव पदवीपत्रावर असावे, याचे आम्हांला अपूर्वाईपेक्षा ओझेच अधिक वाटते. सोपानदेवांनी त्या बोलीला प्रमाण भाषेचा पोशाख चढविला नाही. दुसऱ्याचा शब्द त्याच्याच आवाजात वर पोहोचविणे ही जर जनसंपर्काची व्याख्या असेल, तर आमच्या मुलखात तिचा उत्तम नमुना अभ्यासक्रमाच्या कितीतरी आधी घडून गेला आहे. आप्पांचे वाक्य प्रमाण मराठीत उतरविताना हे आम्हांला जाणवत होते. सरकारी कार्यालयाला अहिराणी चालत नाही, हे त्याचे कारण, समर्थन नव्हे.

निवेदनावर एक्केचाळीस सह्या आणि सहा अंगठे उमटले. एका कार्यालयात ते दिले, पोच मिळाली. आजवर उत्तर आलेले नाही. आप्पांनी अर्धा कापूस दिवाळीपूर्वी विकला आणि अर्धा घरात ठेवला. दोन्ही पदव्यांचे परीक्षक मिळूनही याहून शहाणा सल्ला देऊ शकले नसते. जनसंपर्काच्या अंतिम प्रकल्पासाठी आम्ही ‘निवेदन’ हाच विषय घेतला. कोणत्या संस्थेसाठी हा प्रकल्प आहे, असा रकाना अर्जात भरावयाचा असतो. तेथे आम्ही लिहिले: आम्ही खाली सह्या करणारे.