सेल्फ

शाळेत इंग्रजीच्या सरांनी 'सेल्फ' म्हणजे 'स्वतः' असे शिकवले, तेव्हा मला हसू आले होते. आमच्या घरी सेल्फ म्हणजे जीपच्या इंजिनाला आवळलेली ती तेलकट, काळी मोटर. ती लागली की घरात चहा गोड लागायचा आणि नाही लागली की सगळ्यांनी मिळून धक्का मारायचा.

आमचे गाव धारूर तालुक्यात, बालाघाटच्या डोंगरात. अण्णा गेली कित्येक वर्षे जुनी डिझेल जीप चालवतात. आमच्याकडे जीपचा खरा सीझन दसऱ्याच्या आसपास. एकदा उसतोडीच्या टोळ्या कारखान्यांकडे निघाल्या, की गावात उरतात म्हातारी माणसे आणि शाळेतली पोरे. मग सवारी कुठली मिळायची? त्यामुळे त्याआधीच्या बाजारांत जे कमवायचे ते कमवायचे.

मी तृतीय वर्षाला असताना नेमका त्याच दिवसांत सुट्टीवर गेलो होतो. डोक्यात डीसी मशीनचा पेपर ताजा होता. जीपचा सेल्फ रडतखडत फिरत होता. अण्णा म्हणाले, "बघ बरं जरा. आन् सेल्फ मारला की रेसची केबल गरम लागतीया."

मी हसलो. "अण्णा, ती केबल पायाच्या पॅडलची. तिच्यात करंट कुठून येणार?"

अण्णा गप्प बसले. मी मल्टिमीटर काढला. बॅटरी १२.६ व्होल्ट, म्हणजे पूर्ण चार्ज. वायरींना मीटर लावला, सगळीकडे 'टूं' वाजले. मग राहिले काय? मोटर! मी निकाल देऊन टाकला, "सेल्फ गेला. बदलावा लागेल."

तालुक्याच्या ठिकाणच्या दुकानदाराने "आधी गाडीवर बघू का?" असे विचारले होते. मीच म्हणालो, "बघितलंय. मी इंजिनिअरिंगला आहे." जुना सेल्फ देऊन वर ३,२०० रुपये मोजले आणि दुरुस्त केलेला दुसरा बसवला. ते पैसे आईने माझ्या मेससाठी बाजूला ठेवले होते.

दोन दिवस बरे गेले. तिसऱ्या दिवशी बाजार होता. जीप भरलेली, टपावर पोती, आणि सेल्फ पुन्हा रडायला लागला. मग 'टक्' करून गप्पच! माणसे उतरली, धक्का मारला. जीप सुरू होईपर्यंत निम्मी सवारी मागच्या जीपमध्ये जाऊन बसली होती. अण्णा मला एक शब्दही बोलले नाहीत. मित्रांनो, शिव्या दिल्या असत्या तर बरे वाटले असते.

रात्री मी आमच्या मशीन लॅबच्या असिस्टंट सरांना फोन केला. सगळे ऐकून त्यांनी एकच विचारले, "मोजलंस तेव्हा सेल्फ फिरत होता का?"

"नाही सर, गाडी बंद होती."

"मग काय मोजलंस? पोत्याची शिवण पोतं भरल्यावर कळते. लोड देऊन मोज."

सकाळी इंजिन सुरू होऊ नये म्हणून डिझेल बंद केले, गिअर न्यूट्रल केला, हँडब्रेक ओढला. लहान भावाला चावी फिरवायला बसवले. सेल्फ रडत असताना बॅटरीवर ११.४ व्होल्ट होते, म्हणजे बॅटरी ठणठणीत. मोटरीवर मात्र फक्त ७.२! मधले ४.२ व्होल्ट कुणी खाल्ले? पॉझिटिव्ह केबलच्या दोन टोकांत ०.३ निघाले. मग मीटरचे एक टोक बॅटरीच्या निगेटिव्हला आणि दुसरे इंजिनाच्या ब्लॉकला लावले. ३.९ व्होल्ट!

इंजिन रबरी माउंटिंगवर बसलेले असते. त्याला चेसिसशी जोडणारी तांब्याची विणलेली पट्टी, म्हणजे इंजिनाची अर्थिंग, खालून गंजून दोन-चार तारांवर लोंबत होती. बंद गाडीत मीटरचा चिमूटभर करंट त्या तारांतून सहज जात होता, म्हणून 'टूं' वाजत होते. पण सेल्फ सुरू होताना शेकडो अँपिअर ओढतो. दोनशे धरले, तरी ३.९ भागिले २०० म्हणजे जेमतेम ०.०२ ओहम. एवढासा रेझिस्टन्स माझ्या मीटरला दिसणारच नव्हता. पण तेवढ्यानेच एक तृतीयांश व्होल्टेज खाल्ले होते.

आणि रेसची केबल? इंजिनातून परत जायला करंटला धड वाट नव्हती, म्हणून तो सापडेल त्या लोखंडातून बॅटरीकडे जात होता. पॅडलपासून इंजिनापर्यंत गेलेली ती केबल त्याला सापडली होती. अण्णांनी पहिल्याच दिवशी बिघाड सांगितला होता. मी हसलो होतो.

नवी पट्टी दीडशे रुपयांची. दोन्ही टोकांचा गंज घासून बोल्ट आवळले, आणि सेल्फ असा फिरला की शेजारची कोंबडी उडाली! जुना सेल्फ चांगलाच होता, हे तेव्हा कळले.

सेल्फ हे प्रकरण आजोबांमुळे माझ्या जास्तच जवळचे. त्यांच्या विहिरीवर हँडलचे ऑइल इंजिन होते. एकदा त्याने उलटा झटका दिला आणि आजोबांचे मनगट मोडले. पूर्वी मोटारगाड्याही हँडलनेच सुरू करत आणि तिथेही हात मोडत. अमेरिकेतल्या चार्ल्स केटरिंग या इंजिनिअरने विजेचा सेल्फ तयार केला आणि तो १९१२ च्या कॅडिलॅकमध्ये आला. त्याआधी केटरिंगने दुकानातल्या कॅश रजिस्टरला मोटर बसवली होती. तीही दिवसभर चालणारी नव्हती, क्षणभर जोर लावून थांबणारी होती. सेल्फचे मर्म तेच. म्हणून तो सलग दहा सेकंदांपेक्षा जास्त मारू नये. मध्ये अर्धा-एक मिनिट थांबावे, नाहीतर आतले वाइंडिंग जळते.

आता होस्टेलवर कुणी "सेल्फ गेला" म्हणत आले, की मी आधी हेडलाइट लावून चावी फिरवायला सांगतो. लाइट पार मंद होऊन 'टकटकटक' वाजले तर बॅटरी उतरलेली किंवा टर्मिनल सैल. लाइट तसाच लख्ख आणि आवाज काहीच नाही, तर चावीपासून सोलेनॉइडपर्यंतची वायर बघा. एकच जोरदार 'टक्' आणि मोटर गप्प, तर सोलेनॉइडचे कॉन्टॅक्ट, कार्बन ब्रश किंवा जाम झालेली मोटर, पण त्याआधी अर्थिंग! मोटर नुसतीच 'घर्रर्र' फिरते आणि इंजिन हलत नाही, तर बेंडिक्स. 'खर्र' करून दात घासले, तर पिनियन किंवा फ्लायव्हीलची रिंग.

देखभालही फार नाही. बॅटरी सोडताना निगेटिव्ह आधी काढा, जोडताना शेवटी लावा. टर्मिनलवरची पांढरी बुरशी सोड्याच्या पाण्याने धुवा, कोरडे करून आवळा, वरून व्हॅसलीन लावा. सेल्फ उघडलाच तर ब्रश किती झिजलेत ते बघा. कम्युटेटर बारीक काचपेपरने साफ करा, एमरीने नको. त्याचे कण वीजवाहक असतात, फटींत अडकतात. बेंडिक्सला ग्रीस थापू नका, धूळ धरून तेच जाम होते. आणि स्क्रू ड्रायव्हरने सेल्फ डायरेक्ट करण्याची हुशारी नको. गाडी गिअरमध्ये असेल तर समोरच्याच्या अंगावर जाते.

पण या सगळ्याच्या आधी मी एक प्रश्न विचारायला शिकलो आहे, "गाडी रोज कोण चालवतं? त्याला काय वाटतं?" हा प्रश्न आपल्या सिलॅबसमध्ये नाही. मला तो ३,२०० रुपयांना पडला. त्या सत्रात दोन महिने मी रात्रीचा डबा लावला नाही. घरी मात्र "मेस चालू आहे" असेच सांगितले.

दिवाळीला पुन्हा घरी गेलो, तर जीप अजूनही देवळापुढच्या उतारालाच उभी. मी म्हणालो, "अण्णा, आता सेल्फ एका झटक्यात लागतो. उताराला कशाला लावता?"

अण्णा टायरखालचा दगड पायाने नीट सरकवत म्हणाले, "लागतोय की. तू केलेलं हाय, लागंलच. पर उतार सोडू नाही."

(अंतिम वर्ष, यंत्र अभियांत्रिकी)